बिनशिदोरीचा पाहुणा

"किती दिवस ताप?" मी मान वर न करता विचारलं.

"आज तिसरा दिस जी."

आवाज ओळखीचा वाटला म्हणून वर पाहिलं. समोर पंचफुला नेवारे उभी होती. आमच्या आरोग्य केंद्राखाली येणाऱ्या कवडीटोला गावाची ती आशा कार्यकर्ती. एरवी दुसऱ्यांच्या तापाचे कागद माझ्या टेबलावर आणून ठेवणारी ही बाई आज स्वतःचा कागद हातात धरून उभी होती. डोळे लालबुंद, ओठ सुकलेले.

"ताई, तुम्ही रांगेत कशाला थांबलात? सरळ आत यायचं."

"सारे तापाचेच लोक हायेत जी. ते बाहेर अना मी आत, बरं नाही दिसत."

सप्टेंबर संपत आला होता आणि त्याच्याबरोबर मीही. भंडारा जिल्ह्याच्या त्या कोपऱ्यातल्या केंद्रात डॉक्टरांच्या दोन जागा होत्या. त्यातली एक दोन वर्षं रिकामी होती आणि दुसऱ्या जागेवर मी होतो. धानाच्या बांध्यांत पाणी, घराघरात ताप, आणि सकाळी आठला लागलेली रांग दुपारी तीनपर्यंत हटायची नाही. रोज दीडशेच्या वर माणसं. संध्याकाळी खुर्चीतून उठताना कंबर म्हणायची, तू पुढे हो, मी नंतर येते. घरी गेलं की बायको विचारायची, आज काय काय झालं? मी सांगायचो, ताप.

पंचफुलाच्या बोटातून रक्त घेऊन मलेरियाची पट्टी केली. नाही. डेंग्यूची केली. तीही नाही. घसा पाहिला, छाती ऐकली, पोट दाबलं. डोकं फार दुखतं म्हणाली, अंग मोडून आल्यासारखं वाटतं म्हणाली. दीडशेतले शंभर हेच म्हणत होते. मी तिच्या कागदावर शिक्का मारला.

हा शिक्का मी तालुक्याहून खास बनवून आणला होता. ‘व्हायरल ताप. विश्रांती, भरपूर पाणी, तापाची गोळी. अँटिबायोटिकची गरज नाही.’ आधी हे मी हाताने लिहीत होतो. मग मनगट दुखायला लागलं, तेव्हा शिक्का केला. आमच्या खोब्रागडे सिस्टर मला चिडवायच्या, "सर, पोस्टातला माणूस पण इतके शिक्के मारत नसेल."

पण त्या शिक्क्याचा मला अभिमान होता, हे आज चौदा वर्षांनी कबूल करायला हरकत नाही. मी सांगलीकडून तिथे गेलो तेव्हा त्या भागात ताप म्हटला की सुई, असा रिवाज होता. बाजाराच्या चौकात भोयर नावाचा जुना कंपाउंडर दवाखाना थाटून बसला होता. सर्दी असो, ताप असो, की नवऱ्याशी भांडून डोकं दुखत असो, भोयर सगळ्यांना एकच रंगीत गोळ्यांची मूठ आणि एक इंजेक्शन द्यायचा. लोक त्याला डॉक्टर म्हणायचे आणि मला सायेब. दोन वर्षं मी त्या रिवाजाशी डोकं फोडून घेतलं. व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही, उगाच खाल्लं तर पुढे खऱ्या गरजेला ते लागू पडत नाही, हे घसा सुकेपर्यंत सांगितलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मग एका महिन्यात मी सगळ्या आशांना बोलावून वर्ग घेतला. फळ्यावर पेशी काढली. बॅक्टेरिया म्हणजे काय, व्हायरस म्हणजे काय, कोण कोणाच्या किती पट मोठा, कोण स्वतःचं स्वतः वाढतो आणि कोणाला दुसऱ्याच्या पेशीशिवाय हलताही येत नाही, सगळं सांगितलं. पंधरा बायकांपैकी दहा पेंगत होत्या. शेवटी पंचफुला उभी राहिली.

"मी सांगू का जी, मले काय समजलं ते?"

"सांगा."

"बॅक्टेरिया म्हंजे शिदोरी घेऊन आलेला पाव्हना. ओसरीत बसते, आपलं आपन खाते, आपलं आपन वाढते. यातले काही चांगले बी रायतात, दही लावून देतात. अना वाईट निंगाला तं तेले काठी घेऊन हाकलता येते. ते काठी म्हंजे अँटिबायोटिक. बरोबर?"

"बरोबर."

"अना वायरस म्हंजे बिनशिदोरीचा पाव्हना. तेच्यापाशी चूल नाही, भांडं नाही, काईच नाही. सिद्दा आपल्या सैपाकघरात घुसते अना आपल्याच चुलीवर रांधून घेते. तेच्यावर काठी चालवली तं तेले लागतच नाही, आपलेच मडके फुटतात. म्हून घरातल्या लोकायनं जागं राहाचं, पानी पेत राहाचं, अना तो जाते तवाची वाट पाहाची."

पेंगणाऱ्या दहाही जाग्या झाल्या. एमबीबीएसच्या साडेपाच वर्षांत मला इतकं सोपं कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी हा धडा तिच्याच शब्दांत सांगायला लागलो, अर्थात ती समोर नसताना. आणि पंचफुला तो घेऊन घरोघर फिरली. कवडीटोल्यातून भोयरकडे जाणारी माणसं निम्म्यावर आली. भोयर तिच्यावर दात खाऊन होता. जिल्ह्याच्या बैठकीत माझं कौतुक झालं, टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांतल्या अर्ध्याहून जास्त तिच्या होत्या, हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.

तर असा तो शिक्का मी पंचफुलाच्याच कागदावर मारला. तिने तो वाचला आणि हसली.

"माया धडा मलेच देल्ला सायबानं," ती म्हणाली आणि कागदाची घडी करून निघून गेली.

दोन दिवसांनी ती परत आली. तापाचा पाचवा दिवस. या वेळी रांगेत उभं राहण्याची ताकद नव्हती, सिस्टरांनीच हाताला धरून आत आणलं. ताप एकशे तीन. बाकावर बसली तीही भिंतीला टेकून. पदराचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं. मला वाटलं थंडी वाजत असेल.

दारातून माणसं आत डोकावत होती. एक म्हातारा मोठमोठ्याने खोकत होता, एक लेकरू टाहो फोडत होतं. मी सिस्टरांना सांगितलं, "पडद्यामागे नेऊन अंगावर पुरळबिरळ आहे का, तेवढं बघून घ्या."

बाईमाणसाचं अंग सिस्टरांनी पाहायचं आणि आम्ही बाहेरून विचारायचं, ही तिथली पद्धत. मी ती कधी मोडली नव्हती. मोडायची गरजही कधी वाटली नव्हती.

पाच मिनिटांत सिस्टर बाहेर आल्या. "सर, पुरळ काही नाही. कमरेला परकराच्या नाडीचा काळा वळ आहे, तेवढाच. तो तर आम्हा सगळ्यांनाच असतो."

मी कागदावर लिहिलं, त्वचा ठीक.

पंचफुला साडी सारखी करत येऊन बसली. काहीतरी बोलायचं असल्यासारखी माझ्याकडे पाहत राहिली. पदर अजून मुठीतच होता. मला वाटलं घाबरली आहे, थोडं हसवावं. म्हणून म्हणालो, "काय ताई, गुपचूप भोयरकडे जाऊन सुई नाही ना टोचून घेतली?"

ती एकदम सावरून बसली. "नाही जी! मीच गेली तं गावाले काय तोंड दाखवू?"

"मग झालं. उतरेल. पाणी पीत राहा."

"हो जी."

ती उठली, आणि तिच्या मागचा म्हातारा बाकावर येऊन बसलासुद्धा. तिला दारापर्यंत पोचवायला कोणी होतं की नाही, ते मी पाहिलं नाही.

सातव्या दिवशी दुपारी तिच्या सासूने, सयाबाईंनी, तिला काळी-पिवळी जीप करून आणलं. पंचफुला जीपच्या मागच्या सीटवर आडवी होती आणि श्वासासाठी झगडत होती. डोळ्यांत पिवळी झाक. मी हाक मारली तेव्हा तिने ओ दिली, पण ओळखलं नाही. ऑक्सिजन लावला, सलाइन लावलं, ॲम्ब्युलन्सला फोन केला. सयाबाई साठी ओलांडलेली, काटक बाई. गाडी येईपर्यंत त्या सुनेच्या तळपायांना हात चोळत बसल्या होत्या. त्यांनी मला एकदाच विचारलं.

"सायेब, वायरसच हाय ना हे?"

"नागपूरला बघतील, आजी," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी नागपूरहून फोन आला. बोलणारे डॉक्टर माझ्यापेक्षा वयाने मोठे होते आणि आवाजावरून माझ्याइतकेच दमलेले.

"तुमच्या पेशंटच्या कमरेवर खपली होती. पाहिली नव्हती का?"

"कसली खपली?"

"बिडीचा चटका दिल्यासारखी. काळी, भोवती लाल कडं. परकराच्या नाडीच्या बरोबर खाली."

"तो नाडीचा वळ..." मी म्हणालो.

"नाडीचा वळ आडवा असतो, डॉक्टर. ही गोल आहे."

मी समोरच्या कागदावर ‘खपली, गोल’ असं लिहून घेतलं.

"स्क्रब टायफस. गवतातला बारीक किडा चावून होतो. बाई गवत कापायला जात होती का?"

जात होती. घरात म्हैस होती. रोज सकाळी गावात निघण्याआधी ती शेताच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं गवत कापून डोक्यावर भारा आणायची, हे मला माहीत होतं. त्या भागातल्या सगळ्याच बाया आणायच्या.

"यावर औषध आहे ना?" मी विचारलं. मला उत्तर माहीत असायला हवं होतं.

"डॉक्सिसायक्लिन. साधी गोळी. पाचव्या दिवशी दिली असती तरी चाललं असतं. आम्ही सुरू केलंय, पण आता फुप्फुसं, लिव्हर, किडनी, सगळंच गुंतलंय. बघू."

संध्याकाळी मी माझं जुनं पुस्तक काढलं. या आजारावर अर्धं पान होतं. ‘डोंगराळ, झुडपी प्रदेशांत आढळतो’ एवढं वाक्य वाचून मी शिकत असताना ते पान उलटलं होतं. आता शब्दन् शब्द वाचला. हा बॅक्टेरियाच. त्याला स्वतःचं शरीर असतं, स्वतःचं सामान असतं, एकाचे दोन तो आपले आपण होतो, आणि औषधाने मरतो. पण राहतो मात्र व्हायरससारखा, पेशीच्या आत. पेशीबाहेर जगत नाही. प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीवर उगवत नाही. ताप व्हायरलसारखाच आणतो. म्हणजे शिदोरी घेऊन आलेला पाहुणा, पण ओसरीत न बसता थेट स्वयंपाकघरात शिरलेला. असाही एक प्रकार असतो, हे मी पंचफुलाला शिकवलं नव्हतं. कारण मीच तो शिकलो नव्हतो.

तिसऱ्या दिवशी ती गेली. बत्तीस वर्षांची होती.

खोब्रागडे सिस्टरांना मी सांगितलं तेव्हा त्या इंजेक्शनच्या ट्रेवर झाकण घालत होत्या. त्यांचे हात थांबले.

"सर, मी पाहिलं होतं ते."

"मी तर पाहिलंही नव्हतं, सिस्टर."

"बोट लावून पाहिलं असतं तर खपली हाताला लागली असती. मी नुसती नाडी सरकवली." त्यांनी झाकण नीट बसवलं. "माझ्या कमरेलाही तसाच वळ आहे सर. म्हणून."

एकमेकांची समजूत घालायचं त्राण दोघांतही नव्हतं. बाहेर रांग होती. मी पुढचा कागद ओढला. त्या दिवसापासून प्रत्येक तापाच्या माणसाचं अंग, काखेपासून कमरेपर्यंत, बोट लावून पाहायचं, असं आम्ही न बोलताच ठरवलं. बायकांचं सिस्टर पाहायच्या आणि शंका आली की मला पडद्याआड बोलवायच्या. कोणाची तक्रार आली नाही. पुढच्या दोन आठवड्यांत आम्हाला तशा तीन खपल्या सापडल्या. तिघीही बऱ्या झाल्या. इतकं सोपं होतं ते.

कवडीटोल्याला जायला मला पंधरा दिवस लागले. अंतर नऊ किलोमीटर. रोज काहीतरी निघायचं, आणि निघालं नाही तर मी काढायचो. शेवटी तेरवी उरकल्यावरच्या रविवारी सकाळी मोटारसायकल काढली.

सयाबाई अंगणात धान पाखडत होत्या. मला पाहून सूप खाली ठेवलं आणि आतून तांब्याभर पाणी आणलं. मी वाट पाहत होतो की त्या बोलतील, शिव्या घालतील, हाकलून देतील. त्याची तयारी करूनच गेलो होतो. त्यांनी बाज ओढून दिली.

"उन्हाचे आले जी. बसा."

पंचफुलाचा नवरा हैदराबादला बांधकामावर होता. तेरवी झाल्यावर परत गेला होता. घरात आता सयाबाई आणि नऊ वर्षांची नात प्रणाली, दोघीच. प्रणाली ओसरीत गोधडी पांघरून झोपली होती.

"आजी, मला तुम्हाला काही सांगायचं आहे," मी सुरुवात केली.

"थांबा जी. आधी मले एक वाचून सांगा." त्या आत गेल्या आणि देवळीतून गोळ्यांची पट्टी घेऊन आल्या. "मले इंग्रजी येत नाही. प्रणालीले अजून तेवढं जमत नाही. हे कायच्या गोळ्या हायेत?"

दहा कॅप्सूलची पट्टी होती. एकही फोडलेली नव्हती. पाठीवरचं नाव मी दोनदा वाचलं. डॉक्सिसायक्लिन.

"कुठून आणल्यात?"

"भोयर डाक्टरनं देल्ल्या. चवथ्या दिसी मीच तेले घरी बलावलं होतं. म्हने, दोन टाइम खाय, उतरते. सून म्हने, सायबाले पुसल्याशिवाय मी खात नाही. मी म्हनलं, खाय वो बाई. सासू असून तिच्या पाया पडली मी. नाहीच खाल्ली."

"मग मला विचारलं का नाही?"

"पुसाले तं आली होती ना जी. पाचव्या दिसी. पदराले बांधून आनल्या होत्या. घरी येऊन म्हने, मा, नाही पुसलं. सायेब हासून म्हनले, भोयरकडे तं नाही गेली? मंग मले लाज आली, म्हने. सायेबाले वाटन, हे बी असीच निंगाली."

मी पट्टी हातात धरून बसलो. भोयरला व्हायरस कळत नव्हता आणि बॅक्टेरियाही. त्याने आयुष्यभर केलं तेच केलं होतं, अंधारात दगड मारला होता. या वेळी तो नेमका लागणार होता. आणि तो अडवायला मी तिथे पंचफुलाला उभं केलं होतं, तिला पटवून, शिकवून, तिच्याच शब्दांत. तिने माझ्यावर जेवढा विश्वास टाकला तेवढा माझ्या घरच्यांनीही कधी टाकला नसेल. मला त्या क्षणी तिचा राग आला. मग स्वतःची इतकी किळस आली की तो राग कुठल्या कुठे गेला.

"सायेब," सयाबाई म्हणाल्या, "हे खाल्ल्या असत्या तं वाचली असती का?"

सांगता येत नाही, आजी, असं म्हणता आलं असतं. आम्ही डॉक्टर हे वाक्य खिशात घेऊनच फिरतो. पण मी ते सांगायला नऊ किलोमीटर आलो नव्हतो.

"हो," मी म्हणालो. "वाचली असती. भोयरची गोळी बरोबर होती. माझी चूक झाली. तिच्या कमरेवर खूण होती, ती मी पाहिली नाही. पाहिली असती तर मीच हीच गोळी दिली असती."

सयाबाईंनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. पाखडलं नाही. धानातले खडे एकेक करून वेचून बाजूला टाकू लागल्या. एक कोंबडी सुपाजवळ आली, तिला त्यांनी हातानेच हुसकलं.

"मंग या पोरीले देऊ का?" त्यांनी विचारलं.

"कोणाला?"

"प्रणालीले. दोन दिस झाले, अंग तापते. म्हून तं तुमाले वाचाले लावलं."

पट्टी खिशात टाकून मी उठलो आणि ओसरीत गेलो. पोरगी जागी होती. कपाळ गरम होतं. नाक वाहत होतं, घसा लाल, खोकला. मी कानामागे पाहिलं, मानेवर, केसांत, काखेत, पाठीवर, मांडीच्या सांध्यात. "कंबर पाहा जी, कंबर पाहा," सयाबाई मागून म्हणत होत्या आणि स्वतःच तिचा फ्रॉक वर करत होत्या. कंबर पाहिली. बोट फिरवून पाहिली. काही नव्हतं. गवतात गेली होती का विचारलं, तर आईच्या आजारापासून घराबाहेरच पडली नव्हती. शेजारच्या दोन्ही घरांतल्या पोरांना चार दिवसांपासून असंच सर्दी, खोकला, ताप चालू होतं. मी पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासलं. पोरगी कंटाळली.

ताप व्हायरलच होता. आता मला खात्री होती. त्या गोळीने तिचं काही भलं होणार नव्हतं. पण ‘व्हायरस’ हा शब्द माझ्या तोंडातून निघत नव्हता. पट्टी माझ्या खिशात होती. द्या म्हटलं असतं तर म्हातारीला धीर आला असता, मलाही झोप लागली असती. कोणी जाब विचारणार नव्हतं.

"नको, आजी," मी म्हणालो. "हा त्यातला नाही. हा व्हायरसचा आहे. याला ही गोळी लागत नाही."

सयाबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"मंग हे पट्टी तुमी घेऊन जा जी," त्या म्हणाल्या. "घरात राहिली तं माया हात राहनार नाही."

"मी उद्या येतो. परवाही येतो. ताप उतरेपर्यंत रोज येतो. मध्येच धाप लागली, जास्त झोपायला लागली, अंगावर काही दिसलं, तर रात्र असो की दिवस, मला निरोप पाठवा."

त्यांनी प्रणालीच्या अंगावरची गोधडी सारखी केली.

मी रोज गेलो. तीनला रांग संपली की जेवण न करता तसाच निघायचो. प्रणालीला पायापासून डोक्यापर्यंत तपासायचो, छाती ऐकायचो, डोळे पाहायचो. सोमवारी ताप तसाच. मंगळवारी थोडा वाढलेला. त्या दिवशी परतताना मी गावाबाहेर मोटारसायकल थांबवली, खिशातली पट्टी काढली आणि मागे फिरण्याच्या बेतात तिथेच उभा राहिलो. मग पुढे गेलो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तोपर्यंतच्या नोकरीत मी हजारो लोकांना वाट पाहा म्हणून सांगितलं होतं. वाट पाहणं म्हणजे काय असतं ते मला त्या मंगळवारी समजलं.

बुधवारी पोचलो तेव्हा प्रणाली ओसरीत बसून ताटातला वरणभात खात होती. आजीने मीठ कमी घातलं म्हणून कुरकुरत होती. मी थर्मामीटर लावला. अठ्ठ्याण्णव. सुंठीवाचून खोकला गेला होता. मी तिथेच ओसरीत खाली बसलो.

सयाबाई माझ्यासमोर उंबऱ्यावर बसल्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झालेला दिसला.

"सायेब, एक पुसू?"

"विचारा ना."

"सून घरोघरी जाऊन सांगे. आता गावात सांगनारं कोनी नाही. लोक मलेच पुसतात, तू तिची सासू, तुले माहीत असन. मी काय सांगू? तिचं ते शिदोरीचं मले पाठ हाय. पन तेच्यानं तं ती गेली. मंग मले नीट सांगा. कोनत्या तापात वाट पाहाची, अना कोनत्या तापात धावाचं? दोघायत फरक कसा वळखाचा?"

मी बोलायला सुरुवात केली. खपली असते, सांगितलं. पण ती सगळ्यांना नसते, हेही सांगावं लागलं. सर्दी-खोकला असला तर बहुतेक व्हायरस, म्हणालो, आणि लगेच म्हणालो की नेहमीच नाही. डोकं दुखणं दोघांत, अंग दुखणं दोघांत, डोळे लाल दोघांत. थर्मामीटरला दोघं सारखेच. जरा पुढे गेलो की माझंच वाक्य मला मागे ओढत होतं. सयाबाई एकेक शब्द लक्ष देऊन ऐकत होत्या, वर्गात पंचफुला ऐकायची तशा. शेवटी मी थांबलो.

"खरं सांगू का आजी?" मी म्हणालो. "पहिले चार दिवस दोन्ही सारखेच दिसतात. पुष्कळदा मलाही ओळखता येत नाही."

प्रणालीचं जेवण झालं होतं. सयाबाईंनी तिचं उष्टं ताट उचललं आणि उठल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"मंग तिले तसंच सांगाचं होतं जी," त्या म्हणाल्या.